विणकामात पुढे कसं जायचं : नमुन्याच्या तुकड्यापासून स्वतःच्या विणीपर्यंत

पाठ पुढच्या भागापेक्षा चार बोटं रुंद झाली. गळ्यातून बाळाचं डोकं जात नाही. बाही अर्ध्यावर आली आणि लोकर संपली, नवा गुंडा आणला तर रंगात फरक. दसरा उलटून साताऱ्यात पहाटेचा गारठा जाणवायला लागला की याच तक्रारी माझ्याकडे येतात. त्यापाठोपाठ मागणी असते, "एखादी नवीन वीण दाखवा ना!" पण वीण बदलून यातलं काहीच सुटत नाही. चूक विणीत नसते, बहुतेक वेळा ती सुईवर पहिला टाका घालायच्या आधीच झालेली असते.

ज्यांना सुलट-उलट येतं, एखादा मफलर किंवा टोपडं विणून झालंय आणि आता अंगात नीट बसणारं, स्वतःला सुचलेलं काहीतरी करायचंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. चौथ्या टप्प्यातला हिशोब तिसऱ्याशिवाय करता येत नाही आणि सातव्यातली कल्पना सहाव्यातल्या सरावाशिवाय सुईवर उतरत नाही.

१. लोकर आणि सुया

आपल्याकडच्या दुकानात 'लोकर' म्हणून मिळतं ते बहुतांशी ॲक्रिलिक असतं. त्यात वाईट काही नाही. धुवायला सोपं, बाळाच्या कपड्यांना चालणारं आणि साताऱ्याच्या थंडीला पुरेसं असतं. पण गुंडा कशाचा आहे हे लेबल वाचून माहीत करून घ्या, कारण शेवटच्या टप्प्यात धुणं आणि वाफ देणं त्यावरच ठरतं. माण-खटावकडच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर राठ असते. घोंगडीला ती उत्तम, पण अंगालगत घालायच्या स्वेटरला टोचते. 'आपली गावची लोकर' म्हणून बाळंतविड्यासाठी ती शोधत बसू नका.

लेबलावर दोन आकडे असतात, शेड नंबर आणि लॉट नंबर. शेड तीच असली तरी लॉट बदलला की रंगात किंचित फरक येतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो दिसत नाही, अंगणातल्या उन्हात चटकन दिसतो. म्हणून लागणारी सगळी लोकर एकाच वेळी, एकाच लॉटची घ्या.

'फोर प्लाय' म्हणजे पिळात चार पदर, एवढंच. ती जाडी नव्हे. दोन कंपन्यांची फोर प्लाय लोकर शेजारी ठेवून पाहा, एक बारीक आणि एक जाड निघू शकते.

आता सुयांचे नंबर. आपल्या दुकानात जुनी ब्रिटिश पद्धत चालते. तिच्यात नंबर वाढतो तशी सुई बारीक होते : ८ नंबर ४ मिलिमीटर, ९ नंबर ३.७५, १० नंबर ३.२५, ११ नंबर ३ आणि १२ नंबर २.७५ मिलिमीटर. अमेरिकन पद्धतीत बरोबर उलटं, नंबर वाढतो तशी सुई जाड होते. तिकडचा ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर आणि ६ नंबर म्हणजे ४. मोबाइलवर पाहिलेल्या नमुन्यात '८ नंबर' दिसलं म्हणून आपली ८ नंबरची सुई घेतली, की स्वेटर एक माप लहान झालाच म्हणून समजा.

> सावधान : नमुना कुठलाही असो, सुई नंबरावरून ठरवू नका, मिलिमीटरवरून ठरवा. जुन्या सुयांवरचा नंबर पुसला असेल तर सुयांची भोकं असलेली मापपट्टी मिळते, ती एकदाच घेऊन ठेवा.

सुयांशिवाय एवढं जवळ हवं : न ताणणारी मापपट्टी (शिवणाची जुनी टेप ताणून लांब झालेली असते, स्टीलच्या पट्टीशी ताडून बघा), क्रोशाची सुई, बोथट टोकाची मोठी सुई, वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा, चौकटीची वही आणि पेन्सिल.

२. आधी हात, मग वीण

हा टप्पा सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो आणि सगळे तो गाळतात. नेमका इथेच सर्वांत जास्त फायदा आहे.

फिकट रंगाची लोकर आणि ८ किंवा ९ नंबरच्या सुया घ्या. काळ्या आणि गडद निळ्या लोकरीवर चूक दिसत नाही, म्हणून सरावाला ती नको. तीस टाके घाला आणि एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं वीतभर विणा. मग तुकडा खिडकीपाशी नेऊन निरखून बघा. त्यात तीन गोष्टी शोधायच्या आहेत.

*टाक्याला पीळ पडलाय का?* सुलट बाजूला प्रत्येक टाका पाय फाकवून उभा राहिलेला दिसायला हवा. एका ओळीतले टाके तसे आणि पुढच्या ओळीतल्या टाक्यांचे पाय खाली एकमेकांवर आलेले दिसत असतील, तर उलट ओळीत तुम्ही लोकर सुईच्या खालून घेताय. उलट टाक्यात लोकर सुईच्या वरून येऊन गुंडाळली जायला हवी. खालून घेतली की टाका सुईवर उलटा बसतो, आणि पुढच्या ओळीत पुढून विणला की त्याला पीळ पडतो. असं कापड घट्ट होतं आणि एका बाजूला तिरकं जातं. कितीतरी जणी वर्षानुवर्षं असंच विणतात आणि 'माझा स्वेटर धुतल्यावर फिरतो' म्हणून लोकरीला दोष देतात.

ओळखायची खूण सोपी आहे. डाव्या सुईवरचा टाका बघा. त्याचा सुईच्या टोकाकडचा पाय पुढच्या बाजूला हवा. तो मागे दिसला तर टाका उलटा बसलाय. उलट ओळीतली सवय मोडवत नसेल तर सुलट ओळीत टाक्याच्या मागच्या पायातून विणा, पीळ पडणार नाही. दोन्हीपैकी एक पद्धत धरा आणि तीच ठेवा.

*ओळींच्या जोड्या दिसतात का?* उलट बाजूने पाहिल्यावर दोन ओळी जवळ, मग फट, पुन्हा दोन ओळी जवळ, असं दिसलं तर तुमची उलट ओळ सुलटपेक्षा सैल पडते. हे फार जणींचं होतं. उलट ओळ ज्या सुईने विणता ती एक नंबर बारीक घ्या, म्हणजे एका हातात ८ आणि दुसऱ्या हातात ९. चमत्कारिक वाटलं तरी करून बघा. ओळी सारख्या व्हायला लागतात.

*कडा कशा आहेत?* कडेचा टाका लोंबत असेल तर तो ओढून घट्ट करू नका. ओळीचा दुसरा टाका विणून झाल्यावर लोकर हलकेच ओढा. पहिला टाका तेव्हाच जागेवर बसतो.

लोकर बोटांवर कशी धरायची याचे नियम पुष्कळ सांगितले जातात. माझं मत असं, की करंगळीला एक वेढा घेऊन तर्जनीवरून लोकर सोडली की ताण सारखा राहतो. पण तुमची पद्धत वेगळी असेल आणि टाके सारखे येत असतील, तर ती बदलायचं कारण नाही.

> तपासा : दोन-तीन दिवसांच्या सरावानंतर पुन्हा तसाच तुकडा विणा आणि पहिल्याच्या शेजारी ठेवा. डोळे मिटून बोट फिरवलं तर उंचसखल लागता कामा नये. लागत असेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

३. नमुन्याचा तुकडा

ज्या लोकरीचा स्वेटर करायचा तीच लोकर, त्याच सुया आणि तीच वीण. तुकडा निदान १५ सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच उंच हवा. चार बोटांचा तुकडा करून मोजण्यात अर्थ नाही, कारण कडेचे टाके नेहमी वेडेवाकडे असतात. मोजायचं ते मधलं कापड.

क्रम असा ठेवा :

१. मध्यम जाडीच्या लोकरीला ३४-३५ टाके घाला आणि १५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत विणा.
२. स्वेटर जसा धुणार तसाच हा तुकडा धुवा. टॉवेलात दाबून पाणी काढा आणि सपाट वाळवा.
३. पूर्ण वाळल्यावर टेबलावर ठेवा. मांडीवर नको, उशीवर नको.
४. मधोमध १० सेंटिमीटरला दोन टाचण्या लावा. आडवे टाके मोजा, उभ्या ओळी मोजा. अर्धा टाका आला तर अर्धाच लिहा, सोडून देऊ नका.

मध्यम जाडीच्या लोकरीला ४ मिलिमीटरच्या सुईवर साधारण २२ टाके आणि २८ ते ३० ओळी येतात. तुमचे २० आले तर तुमचा हात सैल आहे आणि २४ आले तर घट्ट. यात चांगला-वाईट हात असं काही नाही. टाके कमी आले तर एक नंबर बारीक सुई घ्या, जास्त आले तर एक नंबर जाड, आणि पुन्हा तुकडा विणा. मुद्दाम सैल किंवा घट्ट विणायचा प्रयत्न करू नका. पहिल्या दहा ओळी लक्षात राहतं, मग हात आपल्या मूळ चालीवर येतो.

शेजारच्या एक वहिनी हाफ स्वेटरची पाठ घेऊन आल्या होत्या. आपल्या आईच्या वहीत लिहिलेले टाके त्यांनी मोजून घातले होते, एकही कमी-जास्त नव्हता. तरी पाठ रुंद. आम्ही पट्टी लावली तर त्यांचे दहा सेंटिमीटरला २० टाके भरत होते. वहीतला आकडा आईच्या हाताचा होता, आणि आईचा हात घट्ट होता. पाठ उसवली, सुई एक नंबर बारीक केली, तुकडा विणून पाहिला, मग पुन्हा टाके घातले. त्या वहीवर आता पहिल्या पानावर टाक्यांच्या आधी ताणाचं माप, म्हणजे दहा सेंटिमीटरला किती टाके, लिहिलेलं आहे.

तुकडा उसवू नका. त्याचा पुढे दोनदा उपयोग आहे.

४. हिशोब

छातीचं माप ९० सेंटिमीटर आहे असं धरा. शर्टावरून घालायच्या हाफ स्वेटरला ८ सेंटिमीटर सैलपणा दिला, म्हणजे ९८. पाठ झाली ४९ सेंटिमीटर. दहा सेंटिमीटरला २२ टाके, म्हणजे सेंटिमीटरला २.२. ४९ गुणिले २.२ बरोबर १०७.८, म्हणजे १०८. शिवणीसाठी दोन्ही कडांना एकेक टाका धरून ११०.

हेच ११० टाके दहाला २० पडणाऱ्या हाताने घातले, तर पाठ ४९ ऐवजी ५४ सेंटिमीटर होते आणि पूर्ण स्वेटर १० सेंटिमीटर मोठा. दहा सेंटिमीटरमागे दोनच टाक्यांचा फरक होता.

विणीचा पट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा टाक्यांचा गट, बसवतानाही इथेच थांबून बघा. वीण ८ टाक्यांची असेल तर ११० मध्ये १३ पट बसतात, म्हणजे १०४ टाके, आणि ६ उरतात. ते उरलेले एका बाजूला ढकलू नका. तीन डावीकडे, तीन उजवीकडे साधे ठेवा, त्यातच शिवणीचे टाके जातील.

लोकर किती लागेल हेही याच वेळी काढा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर नमुन्याचा तुकडा ठेवा. १५ बाय १५ चा तुकडा म्हणजे २२५ चौरस सेंटिमीटर. तो १२ ग्रॅम भरला तर एका ग्रॅममध्ये साधारण १८.७५ चौरस सेंटिमीटर कापड होतं. ४९ रुंद आणि ६० लांब असे दोन भाग म्हणजे ५,८८० चौरस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ३१५ ग्रॅम. गळ्याची आणि मुंढ्याची पट्टी, जोडकाम आणि थोडं उसवणं धरून साडेतीनशे ग्रॅम घ्या. मुंढ्यात वजा होणारं कापड मी मुद्दाम वजा केलेलं नाही.

> सावधान : बाळाच्या टोपड्याला आणि झबल्याला सैलपणा वेगवेगळा लागतो. टोपडं डोक्याच्या घेरापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर कमीच हवं, ताणून बसतं. झबलं मात्र छातीपेक्षा चार-पाच सेंटिमीटर मोठं हवं. दोन्हीला एकच नियम लावला तर टोपडं डोळ्यांवर येतं.

५. विणताना : सुरुवात, मोजणी, दुरुस्ती

सुरुवातीचे टाके घट्ट पडत असतील तर दोन सुया एकत्र धरून त्यांवर टाके घाला आणि मग एक सुई काढून घ्या. शेवटी टाके बंद करताना उजव्या हातातली सुई दोन नंबर जाड घ्या. गळ्यातून डोकं न जाण्याचं कारण दहातून नऊ वेळा गळा लहान हे नसतं, बंद केलेली कड आवळलेली हे असतं. टाके बंद झाल्यावर लोकर कापायच्या आधी गळा ताणून बघा.

खालची पट्टी एक सुलट एक उलट करताना सुई अंगापेक्षा दोन नंबर बारीक हवी. अंग १० वर असेल तर पट्टी १२ वर. सारख्याच सुयांवर केलेली पट्टी दोन धुण्यांत पसरते.

लांबी पट्टीने मोजून दोन भाग सारखे करायचा प्रयत्न करू नका. कापड हातात ताणलं जातं. ओळी मोजा. मुंढ्यापर्यंत पाठीला जितक्या ओळी तितक्याच पुढच्या भागाला. दोन्ही बाह्या एकाच सुईवर, दोन वेगळे गुंडे लावून शेजारी शेजारी विणल्या तर प्रश्नच मिटतो. जिथे टाके कमी कराल तिथे दोन्हीकडे एकाच वेळी कमी होतात.

टाके कमी करताना कल बघा. दोन टाके एकत्र सुलट विणले की घट उजवीकडे झुकते. एक टाका न विणता घेतला, पुढचा विणला आणि न विणलेला त्यावरून उतरवला, की डावीकडे. मुंढ्याच्या दोन्ही बाजूंना एकच प्रकार केला तर एक बाजू नेटकी आणि दुसरी पायऱ्यापायऱ्यांची दिसते. ओळीच्या सुरुवातीला दुसरा प्रकार, शेवटी पहिला, आणि दोन्हीकडे कडेचे दोन टाके साधे सोडून आत. शिवणही मग सरळ येते.

नवा गुंडा ओळीच्या मध्यावर जोडू नका. कडेला आल्यावर जोडा, वीतभर शेपूट ठेवा, गाठ मारू नका. गाठ कधी ना कधी सुलट बाजूला डोकावतेच.

आता दुरुस्ती. टाका सुटला की घाबरून सगळं उसवायची गरज नाही. सुटलेल्या टाक्याच्या वर आडव्या पायऱ्या दिसतात. सुलट बाजूने क्रोशाची सुई टाक्यात घाला, सर्वांत खालची पायरी पकडा, टाक्यातून ओढा, मग वरची. ओळीपर्यंत आलात की टाका सुईवर चढवा, टोकाकडचा पाय पुढे ठेवून. उलट टाका सुटला असेल तर कापड फिरवून हेच करा.

चूक दोन-तीन ओळी खाली आणि एकाच जागी असेल, तर फक्त त्या जागेचा टाका मुद्दाम सोडून खाली न्या आणि पुन्हा वर आणा. दहा ओळींपेक्षा खाली असेल तर उसवणंच बरं.

जाळीची किंवा वेणीची वीण करत असाल तर दर पटानंतर सुती दोरा मोठ्या सुईत ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून आरपार काढून ठेवा आणि विणत राहा. पुढे चुकलात तर त्या दोऱ्यापर्यंत बिनधास्त उसवता येतं, टाके तिथे थांबतात. दोरा ओवताना खुणेसाठी सुईवर टाक्यांच्या मध्ये घातलेल्या कड्यांतून काढू नका, कड्या अडकून बसतील.

> तपासा : रोज काम ठेवण्यापूर्वी सुईवरचे टाके मोजा. ओळीच्या मध्ये कधीच थांबू नका. थांबल्या जागी टाका सैल पडतो आणि कुठल्या बाजूने चाललो होतो हेही विसरतं.

६. विणी कोणत्या क्रमाने शिकायच्या

थेट वेणीवर किंवा दोन रंगांच्या फुलांवर उडी मारणाऱ्या फार. क्रम असा ठेवा : सगळ्या ओळी सुलट, मग सुलट-उलट, मग रिब (पट्टीतली एक सुलट एक उलट), मग एका आड एक जागा बदलणारी दाणेदार वीण, मग साध्या कापडावर उलट टाक्यांनी काढलेली नक्षी, मग वेणी, मग जाळी, आणि शेवटी दोन रंग.

प्रत्येक विणीचा वेगळा तुकडा विणून मोजा. वेणी कापड आत ओढते, जाळी पसरते. साध्या कापडाच्या मापावर वेणीचा स्वेटर बेतला तर तो अंगाला चिकटतो.

सराव म्हणून मी बाळंतविडाच सुचवते. टोपड्यात टाके कमी करणं येतं, पायमोज्यात आकार, झबल्यात गळा आणि मुंढा. लोकर थोडी लागते, चूक झाली तर उसवायला तासभर पुरतो, आणि झालेली वस्तू कुणाच्या तरी घरी उपयोगी पडते.

७. सुचणं : नजरेतून चौकटीच्या कागदावर

'मला काही सुचत नाही' म्हणणाऱ्या बहुतेकींना दिसतं भरपूर, पण त्याचं टाक्यांत रूपांतर कसं करायचं ते माहीत नसतं. त्याचीही रीत आहे. एक वस्तू निवडा आणि तिच्यातलं एकच घ्या : नुसता रंग, नुसती रेघ किंवा नुसता पोत. तिन्ही एकदम घ्यायला गेलात की गोंधळ होतो.

साताऱ्यात आणि आसपास पोत शोधायला लांब जावं लागत नाही. वाईचे आणि मेणवलीचे कृष्णेवरचे घाट, लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीचं दगडी बांधकाम, जुन्या वाड्यांच्या भिंती. दगडी चिऱ्यांचं बांधकाम जवळून बघा. एका थरातला उभा सांधा वरच्या थरात चिऱ्याच्या मध्यावर येतो. हीच गोष्ट ८ टाके आणि १२ ओळींत बसते. सुलट कापड म्हणजे दगड, उलट टाका म्हणजे सांधा.

ओळ १ (सुलट बाजू) : सगळे टाके उलट.
ओळ २, ४, ६ (मागची बाजू) : १ सुलट, ७ उलट, असं शेवटपर्यंत.
ओळ ३, ५ : ७ सुलट, १ उलट, असं शेवटपर्यंत.
ओळ ७ : सगळे टाके उलट.
ओळ ८, १०, १२ (मागची बाजू) : ४ उलट, १ सुलट, ३ उलट.
ओळ ९, ११ : ३ सुलट, १ उलट, ४ सुलट.

मग पुन्हा पहिली ओळ. टाके ८ च्या पटीत, कडेचे वेगळे. एकरंगी, शक्यतो राखी किंवा मातकट लोकरीत हे फार देखणं दिसतं. कानटोपीला नको, पण मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हाफ स्वेटरला अवश्य करा.

ठिपक्यांची रांगोळी, गोपद्मं, लुगड्याचा करवती काठ, रुईफूल, दारावरच्या तोरणातला क्रॉस स्टिच, हे सगळं आधीच ठिपक्यांवर किंवा चौकटींवर बेतलेलं असतं. पण इथे एक सापळा आहे. विणलेला टाका चौकोनी नसतो, रुंद आणि बुटका असतो. साध्या चौकटीच्या वहीत काढलेलं गोल फूल सुईवर चपटं येतं. दहा सेंटिमीटरला २२ टाके आणि ३० ओळी असतील, तर १० सेंटिमीटरच्या फुलाला कागदावर २२ चौकटी रुंद आणि ३० चौकटी उंच जागा लागते. कागदावर ते उभट, लांबट दिसेल. तसंच दिसू द्या, विणल्यावर बरोबर होतं.

> तपासा : कागदावरचा एक पट काढून झाला की तो शेजारी पुन्हा एकदा काढा. दोन पट जिथे जुळतात तिथे नको तिथे दोन उलट टाके शेजारी आले किंवा रेघ तुटली, तर ती चूक आत्ताच दिसेल.

८. रंग

रंगांसाठी माझी आवडती जागा कास पठार. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, गेंदाचा पांढरा, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा, असे सगळे एकमेकांत मिसळलेले असतात. फुलं तोडायची नाहीत, फोटो काढायचा. घरी आल्यावर फोटोत कुठला रंग किती आहे ते बघा. पिवळा खूप, गुलाबी थोडा आणि पांढरा ठिपक्यापुरता असेल, तर स्वेटरमध्येही तेच प्रमाण ठेवा. चारही रंगांचे सारखे पट्टे काढले की कासही दिसत नाही आणि स्वेटरही चांगला दिसत नाही.

घोंगडी बघा. सगळी काळी आणि काठाला पांढऱ्या रेघा. दोनच रंग, त्यातला एक अगदी थोडा. पहिल्या दुरंगी कामाला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

दुकानात दोन गुंडे शेजारी ठेवा, मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून पाहा. दोन्ही सारखेच राखाडी दिसले तर नक्षी उठणार नाही. लाल आणि हिरवा डोळ्यांना कितीही वेगळे वाटले तरी अनेकदा इथे फसतात.

दुरंगी विणताना मागे सुटणारा धागा पाच टाक्यांपेक्षा लांब ठेवू नका. बाळाच्या कपड्यात तर तीनच. लांब धाग्यांत इवलीशी बोटं अडकतात. दर रंगबदलाला उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरून घ्या, नाहीतर मागचा धागा आवळतो आणि कापड चुरगळतं.

९. जोडणं आणि धुणं

महिनाभराचं काम शेवटच्या दोन दिवसांत घाईने बिघडवलेलं मी फार पाहिलंय. जोडायच्या आधी प्रत्येक भाग ओला करून मापात आणा. खऱ्या लोकरीचा असेल तर साध्या पाण्यात वीस मिनिटं भिजवा, पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा, चटईवर पसरून टाचण्यांनी मापात लावा आणि सावलीत वाळू द्या. गरम पाणी आणि चोळणं यांनी खरी लोकर आटते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. ओला स्वेटर दोरीवर टांगला तर तो गुडघ्यापर्यंत येईल.

ॲक्रिलिकला मात्र इस्त्री टेकवायची नाही. उष्णतेने त्याचा धागा मऊ पडतो, उठाव जातो आणि तो कायमचाच. वाफेची इस्त्री चार बोटं वर धरून नुसती वाफ द्या. आधी नमुन्याच्या तुकड्यावर करून पाहा, तुकडा जपून ठेवायचं हे दुसरं कारण.

जोडताना सुलट बाजू आपल्याकडे ठेवा. दोन्ही भाग शेजारी पसरा, कडेच्या टाक्याच्या आतली आडवी दांडी एका भागाची, मग दुसऱ्या भागाची, अशी आलटून पालटून सुईत घ्या. दर चार-पाच टाक्यांनी दोरा हलका ओढा. शिवण आत वळते आणि बाहेरून दिसत नाही. क्रम असा : आधी खांदे, मग गळ्याची आणि मुंढ्याची पट्टी, बाही असेल तर बाही, आणि शेवटी बगल.

उरलेली शेपटं मागच्या बाजूने टाक्यांच्या चालीने ओवा. आधी एका दिशेने, मग थोडं उलट दिशेने, आणि नंतरच कापा. धुण्याआधी अगदी लगत कापली तर ती पहिल्याच धुण्यात बाहेर येतात.

मग नमुन्याचा तुकडा चौकटीच्या वहीत टाचा. शेजारी लेबल चिकटवा आणि लिहा : सुई किती मिलिमीटरची, दहा सेंटिमीटरला टाके आणि ओळी किती, लोकर किती ग्रॅम गेली, कुणाच्या मापाचा. लेबलासोबत हातभर लोकर गुंडाळून ठेवा. कोपर विरलं की दुरुस्तीला तीच लागेल.